वळताना सांगायचं

“दोर हातात धरायचा काकू, बांधून टाकायचा नाही. वारा कधी अंगावर येईल त्याचा नेम नाही. धरलेला दोर सोडता येतो. बांधलेला सोडवेपर्यंत बोट आडवी झालेली असते.”

कप्तानबाईंचे हे शब्द मला कुठेही आठवायचे. दुकानात पँटची शिवण उसवताना, यांच्या सदऱ्याची बटणं लावताना, औषधांच्या रांगेत उभी असताना. आठवले की उजव्या हाताची मूठ आपोआप आवळायची, आणि मग लक्षात यायचं की हातात दोर नाही, सुईदोरा आहे.

मी बासष्ट वर्षांची. कपडे दुरुस्तीच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटाचं फाटलेलं अस्तर लावायचं. उरलेला अर्धा दिवस यांचा. मागच्या हिवाळ्यात यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. पाय काठीच्या आधाराने जरासा परत आला. हात आलाच नाही. डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत टाचणी टोचली तरी कळत नाही. बोलणं आलं, पण जीभ जड झाली, आणि त्याहून जड झाला तो स्वभाव.

बोट यांची. निवृत्तीनंतर कोणी बाग करतं, कोणी नातवंडं सांभाळतं. यांनी एक छोटी शिडाची बोट घेतली, ट्रेलरसकट. गाडीच्या मागे जोडायची, तलावावर न्यायची, उतारावरून पाण्यात सोडायची, संध्याकाळी डोलकाठी उतरवून पुन्हा घरी आणायची. आख्खी बोट आमच्या स्वयंपाकघराएवढी. हे साठीत शिकले. मी बरोबर जायची ती वजन म्हणून, अगदी खरोखरचं वजन. “त्या बाजूला बस,” “आता इकडे सरक,” एवढंच माझं काम. मी जपमाळ घेऊन बसायची. पाण्याकडे बघत जप छान होतो.

झटक्यानंतर बोट अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. यांची खुर्ची खिडकीशी असते. पहिल्याच आठवड्यात यांनी ती फिरवून घेतली, पाठ अंगणाकडे.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एक दिवस मला दारात म्हणाली, “काकू, पाय चालवला तर राहील, नाहीतर तोही जाईल. काका पलंगावरून खुर्चीवर येतात आणि खुर्चीवरून पलंगावर जातात. मी किती ओरडणार? त्यांना कुठे जायचंच नाहीये.”

त्याच आठवड्यात लेक आली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. येते तेव्हा चप्पल काढता काढताच मुद्द्याला हात घालते.

“आई, बोटीला गिऱ्हाईक आलंय. माझ्या ऑफिसातले आहेत, चांगली माणसं आहेत. अंगण मोकळं होईल. बाबांसाठी दाराशी उतार बांधून घेता येईल.”

मी यांच्याकडे बघितलं.

“विका,” हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी जेवण तसंच राहिलं. दूधही घेतलं नाही. माझे यजमान रागावले की भांडतात, मला ते चालतं. हे भांडण नव्हतं. दिवा विझायच्या आधी जसा अंग चोरतो, तसं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला.

“इतक्यात विकू नकोस. थंडी सुरू झाली की तलावाचा उतार बंद होतो. तोवर थांब. मी शिकते. यांना मी पाण्यावर नेते.”

 “आई, तू? तुला जिन्यावरून उतरताना गुडघा धरावा लागतो.”

“बोटीत जिना नसतो.”

“चेष्टा करू नकोस. आणि तुझा आवाज का असा येतोय? फोन लांब धरलायस का?”

फोन तोंडाशीच होता. माझा आवाज लहानपणापासून तसा आहे. हे पूर्वी पाहुण्यांना सांगायचे, “हिचं बोलणं ऐकायचं तर कान भाड्याने आणावा लागतो.” त्यात यांचा झटका आला त्या दिवसापासून मी एक मौन धरलं होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून सूर्याची कड दिसेपर्यंत आणि त्यानंतर प्रार्थना संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. यांचं अंग परत यावं म्हणून. रोजचा जप, रोजचा दिवा हे तर लग्नाआधीपासूनचं. मौन हे खास यांच्यासाठी मागून घेतलेलं. रुग्णालयात असताना, घरी आल्यावर, माझ्या तापातसुद्धा, ते एकदाही मोडलं नव्हतं. सकाळी यांना उठवायचं तर मी उजव्या खांद्यावर हात ठेवायची. दोनदा थोपटलं की चहा. जरा दाबलं की उठून बसा. यांचा पलंग भिंतीला लागून आहे, डावी बाजू भिंतीकडे, त्यामुळे मी नेहमी उजवीकडेच असायची. आमचं ते ठीक चाललं होतं, असं मला वाटत होतं.

कप्तानबाई तलावावर बोटी शिकवतात. आधी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजवायची वेळ येत नाही, इतका आवाज. पहिल्या दिवशी त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“पोहता येतं?”

“बेताचं.”

“बेताचं म्हणजे बुडण्याइतकं की वाचण्याइतकं?”

“वाचण्याइतकं.”

“मग हे जॅकेट घाला. घट्ट. अजून घट्ट. श्वास घ्यायला त्रास झाला पाहिजे.”

पहिले काही दिवस पाण्यात जायलाच मिळालं नाही. ट्रेलर मागे घेणं शिकण्यात गेले. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. इतकी वर्षं गाडी चालवून हाताला जे वळण लागलंय, त्याच्या बरोबर उलट. तलावावर जागा कमी, मागे गाड्या थांबायच्या, म्हणून मी घरी अंगणात सराव करायला लागले. ताडपत्री काढली, ट्रेलर जोडला, आणि फाटकातून आत-बाहेर. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ट्रेलर दर वेळी कुंड्यांच्या अंगावर जायचा.

एका दुपारी तसंच चाललं असताना खिडकीच्या काचेवर काठी वाजली. ठकठक. मी मान वर केली. हे खुर्ची अर्धी वळवून बसले होते, तोंड लाल.

“उजवीकडे!” काचेतून फक्त ओठ दिसले. “उ-ज-वी-क-डे!”

मी उजवीकडे फिरवलं. ट्रेलर सरळ फाटकात आला. मी आत गेले तर हे म्हणाले, “आंधळी आहेस का? कुंड्यांनी तुझं काय वाकडं केलंय?” कित्येक दिवसांत यांच्या तोंडून आलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. त्या संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा मला तेवढंच सांगायचं होतं, बाकी काही मागायचं नव्हतं.

मग पाणी आलं. पाण्याबरोबर थकवा आला, तोही असा की काय सांगू. तळहात सोलले. दुकानात सुई धरताना बोटं आखडायची. मालकीणबाई म्हणाल्या, “काय हो, या वयात मजुरी करताय की काय?” पाठ अशी दुखायची की कुशीवर वळताना दात आवळावे लागायचे. घरी येऊन यांची आंघोळ, कपडे, औषधं, ओट्यावरची भांडी. संध्याकाळी जप करताना माळ हातातून घसरून मांडीवर पडायची आणि मी जागी व्हायची. मग घसरलेल्या मण्यापासून पुन्हा सुरू. देव एवढं चालवून घेतो, असा माझा अनुभव आहे.

मला सगळ्यात जड गेलं ते ओरडणं. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो. बोट वळली की वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि तो दांडा बोटीवरून सपकन एका कडेकडून दुसऱ्या कडेला येतो. वाटेत डोकं असेल तर डोक्यावरून. म्हणून ज्याच्या हातात सुकाणू, त्याने वळायच्या आधी सांगायचं. समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही.

“वळतेय,” मी म्हणाले.

“काय?”

“वळतेय.”

“काकू, देवाला ऐकू गेलं असेल, मला नाही गेलं. मी हातभर अंतरावर बसलेय.”

“वळतेय!”

“हां, आता निदान माशांना कळलं. पुन्हा.”

मी पुन्हा म्हणाले. रोज म्हणायची. आवाज थोडा वाढला. कप्तानबाई मान हलवायच्या. “हात चांगला बसलाय तुमचा. वारा कळतो तुम्हाला, तो शिकवून येत नाही. पण हे बोलणं…” आणि पुढचं त्या मनातच ठेवायच्या.

दिवस लहान व्हायला लागले तशी मी कप्तानबाईंना विचारलं की यांना आणू का. त्यांनी पुष्कळ वेळ शिडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “वारा मंद असला तर. धक्क्याच्या जवळ जवळ राहायचं. सकाळी लवकर या. नंतर मोटरबोटी येतात, त्यांच्या लाटा काकांना झेपायच्या नाहीत.”

घरी येऊन मी यांना सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला नाही.

“मी वजन म्हणून?”

“हो.”

“माझं वजन कमी झालंय.”

“चालेल तेवढं.”

पेपर जरा खाली आला. “पुढच्या छोट्या शिडाचा दोर माझ्याकडे. उजवा हात आहे मला.”

त्या सकाळी आम्ही उजाडायच्या आधी निघालो. सूर्य वर यायचा होता, म्हणून माझं मौन चालूच होतं. मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, सूर्य पाण्यावर भेटेल, तिथेच हात जोडीन, आणि मग बोलेन. यापेक्षा चांगली प्रार्थना कुठे व्हायची? मनातून मी हरखून गेले होते. गाडीत मी खुणांनी बोलत होते आणि हे नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत होते. उतारावर ट्रेलर पहिल्या खेपेत सरळ गेला. यांनी मान वळवून बघितलं. कप्तानबाईंनी यांना काखेत हात घालून बोटीत बसवलं, दोर हातात दिला आणि बोटीला ढकललं.

“ओरडायचं काकू, विसरू नका!”

मी हात वर केला.

आम्ही दोघं उजव्या कडेला बसलो होतो, तोंड आतल्या बाजूला. हे पुढे, मी मागे सुकाणूपाशी. वारा इतका हलका की पाण्याचा आवाज बोटीच्या पोटाखाली कुजबुजल्यासारखा. यांची पाठ मला बाजूने दिसत होती. खूप महिन्यांनी ती ताठ होती. शिडाचा दोर यांनी किंचित ओढला, किंचित सोडला, आणि बोट जराशी पुढे सरली. ती यांच्या हाताने सरली. माझे डोळे भरून आले.

पलीकडच्या काठाला लव्हाळी आहेत. बोट तिकडे चालली होती. वळायला हवं होतं. मी डोंगराकडे बघितलं. कड नारिंगी झाली होती, सूर्य आता येईल, आता येईल असा. शब्द ओठापर्यंत आला होता. पण इतके महिने सांभाळलेलं, आणि आता पापणी लवायचा अवकाश. मी थांबले. सूर्य येईना. लव्हाळी मात्र आली.

मग मी रोज सकाळी करते तेच केलं. हात पुढे करून यांच्या खांद्यावर ठेवला, जरा दाबला, आणि सुकाणू ढकललं.

तो खांदा डावा होता.

घरात मी कायम उजवीकडे असते. बोटीत मी मागे बसले होते आणि यांची डावी बाजू माझ्याकडे होती. मी दाबलेलं यांना कळलंच नाही. हे तसेच ताठ बसून छोट्या शिडाकडे बघत राहिले. त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत आला. दांडा आला आणि यांच्या कपाळावर बसला. हे बोटीच्या तळाशी कोसळले, एक पाय अंगाखाली दुमडून.

“अहो!”

तो माझा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. काठावरचे पक्षी उडाले. मी दोर सोडला, सुकाणू सोडलं, सगळं सोडलं, आणि यांचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त डोळ्यात येत होतं. मी ओरडत राहिले. कप्तानबाई मोटरबोट घेऊन आल्या तोवर सूर्य पूर्ण वर आला होता, आणि मला त्याच्याकडे बघायचंही सुचलं नाही.

रुग्णालयात भुवईवर टाके पडले. डोक्याचे फोटो काढले, आत काही इजा नव्हती. दुपारपर्यंत घरी सोडलं. कप्तानबाई आमची गाडी घेऊन मागोमाग घरापर्यंत आल्या, बोट ट्रेलरवरून अंगणात लावून दिली. जाताना त्या यांच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

“काका, चूक माझीही आहे. मी तुम्हाला तळातून उचललं तेव्हा तुमच्या पायात काहीच जोर नव्हता. बोटीत पडलेल्या माणसाला स्वतः उठून बसता आलं पाहिजे. ते जमेपर्यंत माझ्या धक्क्यावर यायचं नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही ओरडला नाहीत. मी काठावरून बघत होते. तुमचं तोंड हललंच नाही. का?”

मी सांगितलं. मौनाचं, सूर्याचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

राग लेकीकडे होता.

“आई, तू देवाचं कर, मी कधी काही म्हटलंय? पण तोंडाशी आलेला शब्द गिळायचा? बाबांच्या डोक्यावर दांडा येतोय आणि तू सूर्याची वाट बघतेस? डोळा गेला असता म्हणजे?”

  ती आत जाऊन चहा ठेवायला लागली, भांडी आपटत. “उद्या सकाळी त्यांना फोन करते,” ती आतून म्हणाली. “म्हणावं, घेऊन जा.”

मी यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. उजव्या बाजूला. पाय इतके दुखत होते की कळ पोटरीपर्यंत येत होती. मनात म्हटलं, जाऊ दे बोट. मी माझ्या परीने केलं. आता मला नीट बसायचंय, बस्स. तेवढ्यात शेजारी खुसखुस ऐकू आली. हे हसत होते. पट्टी बांधलेलं कपाळ, एक डोळा सुजलेला, तोंड वाकडं, आणि हसत होते.

“ओरडलीस की,” हे म्हणाले. “केवढ्याने! चाळीस वर्षं मला वाटलं यंत्रच बिघडलंय.”

“हसताय काय? मी तुमचा जीव घेतला असता.”

“घेतला नाहीस.”

“खांद्याला हात लावला होता मी. डाव्या.”

“लावला असशील.” हसू गेलं. थोडा वेळ हे काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग जड जिभेने, एकेक शब्द ठेवत म्हणाले, “हे मौन माझ्यासाठी धरलंस ना?”

“हो.”

“मला विचारलं होतंस?”

“असं विचारतात का?”

“मी सकाळी जागा होतो. तू असतेस. चहा येतो. खांद्यावर हात येतो. पण बोलत कोणी नाही. घरात अशी शांतता कधी असते? कुणी गेलं की असते. मला रोज वाटतं, कुणीतरी गेलंय. आणि मग वाटतं, तो मीच.”

मी यांच्याकडे बघत राहिले. इतके महिने रोज सकाळी मी यांच्या उशाशी बसून एकेक क्षण गाळून देवाला देत होते, आणि यांना त्यातलं एवढंच पोचत होतं. हे मला का दिसलं नाही? मी तर यांच्याकडेच बघत असायची.

“आधी का नाही बोललात?”

“तू देवाशी बोलतेस. मध्ये कसं पडायचं?”

मी पदर तोंडाला लावला. रडू आलं नाही, इतकी दमले होते. आत चहा उकळत होता त्याचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात ते मौन उचललं आणि जिथून घेतलं होतं तिथे ठेवलं. कोणी रागावलेलं वाटलं नाही. उलट वाटलं, केव्हाचं परत मागितलं जात होतं, मलाच ऐकू आलं नव्हतं.

“उद्यापासून डोळे उघडले की पहिला शब्द तुमच्याशी,” मी म्हणाले. “प्रार्थना नंतर. तीही मोठ्याने करीन.”

“मोठ्याने म्हणजे?”

“तुम्हाला ऐकू जाईल इतकी.”

“बघू,” हे म्हणाले. “तुझं मोठ्याने मला माहितेय.”

लेक चहा घेऊन आली. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. हातातला कप तिने यांच्या पुढ्यात ठेवला, कपाचा कान उजव्या हाताकडे करून, न विसरता.

“फोन करू नकोस,” हे तिला म्हणाले.

“बाबा, पुन्हा तेच?”

“तेच नाही. ऐक. कप्तानबाई म्हणाल्या पायात जोर पाहिजे. मी चालतो.”

“कुठे चालता? खुर्चीपासून पलंगापर्यंत?”

“कोपऱ्यापर्यंत. टपालपेटीपर्यंत. रोज सकाळी. ज्या दिवशी जायचा नाही, त्या दिवशी फोन कर. बोट त्याच दिवशी दे.”

“आणि आई तुमच्या मागे पळणार, हाताला धरून. तिची अवस्था बघा.”

“आई नाही. मी एकटा.”

“एकटे?” लेकीचा आवाज चढला. मग तिने माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणते का म्हणून. माझ्या तोंडाशी ‘नको’ आला होता. एकट्याने, त्या उंचसखल फरसबंदीवरून, सकाळच्या गाड्यांमधून. मी तो तिथेच ठेवला.

“शब्द?” लेकीने विचारलं.

“शब्द,” हे म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. थोडा चहा डाव्या ओठावरून हनुवटीवर आला. लेकीने रुमाल पुढे केला. यांनी तो उजव्या हातात घेऊन स्वतः पुसलं.

ती गेल्यावर मी भांडी घासली, यांना औषधं दिली, दिवा लावला. त्या दिवशी जपाचा एकही मणी चुकला नाही, कारण मी बसलेच नाही. आडवी झाले आणि झोपले.

जाग आली तेव्हा खोलीत करडा उजेड होता. अंग उसाच्या चिपाडासारखं झालं होतं. सवयीने ओठ मिटलेलेच होते. मग आठवलं. मी घसा साफ केला, कूस वळवली आणि म्हणाले, “अहो, उठलात का?”

यांच्या पलंगावर कोणी नव्हतं. पांघरूण एका हाताने घडी करायचा प्रयत्न केल्यासारखं, चुरगळून पायथ्याशी ठेवलेलं. काठी जागेवर नव्हती. बाहेरचं दार लोटलेलं होतं, कडी न लावता.

मी अनवाणीच अंगणात आले, फाटकापर्यंत.

हे गल्लीत होते. सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. डावा हात खिशात खोचलेला, लोंबू नये म्हणून. काठी पुढे, मग उजवा पाय, मग डावा ओढत, त्याचा फरसबंदीवर घासल्याचा आवाज. शेजाऱ्यांच्या गाडीपाशी थांबले, टपावर कोपर टेकलं, दम घेतला. मागे वळून बघितलं नाही. कोपरा अजून बराच लांब होता. मग काठी उचलली आणि चालू लागले.